शोभा गुर्टूंचा मुलगा जॅझमध्ये कसा पोहोचला? त्रिलोक गुर्टू आणि इम्प्रोव्हायझेशनची गोष्ट

स्टेजवर ड्रम आहेत, पण ड्रमरचं स्टूल नाही. वाजवणारा माणूस जमिनीवर एक गुडघा टेकून बसलाय. पुढ्यात तबला-डग्गा, स्नेअर ड्रम, झांजा, घंटा, शिंपल्यांच्या माळा आणि बाजूला पाण्याने भरलेली एक बादली. वाजवता वाजवता तो एक झांज वाजवतो आणि ती घुमत असतानाच बादलीत बुडवतो. झांज पाण्यात शिरते तसा तिचा सूर खाली घसरत जातो.

हा काही जादूचा प्रयोग नाही. धातूला पाणी लागलं की त्याचं कंपन जड होतं आणि सूर उतरतो. जलतरंगात वाटीत जास्त पाणी ओतल्यावर जे होतं, तेच इथे होतं. फरक एवढाच की जलतरंगात सूर आधी लावून ठेवतात आणि हा माणूस तो वाजवतानाच बदलतो.

हे आहेत त्रिलोक गुर्टू. ३० ऑक्टोबर १९५१ ला मुंबईत जन्मलेले आणि पुढे जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये स्थायिक झालेले तालवादक. डॉन चेरी, जॉन मॅक्लॉफ्लिन, जो झाविनुल, पॅट मेथनी अशा जॅझमधल्या मोठ्या नावांसोबत त्यांनी वाजवलंय. 'डाउनबीट' या अमेरिकन जॅझ मासिकाच्या समीक्षकांनी सर्वोत्तम तालवादक म्हणून त्यांची एकापेक्षा जास्त वेळा निवड केली आहे.

महाराष्ट्रात मात्र त्यांची ओळख बहुतेक वेळा 'शोभा गुर्टूंचा मुलगा' इथेच थांबते. ही ओळख चुकीची नाही. उलट, त्यांची जॅझमधली कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात त्यांच्या आईच्या ठुमरीपासूनच करावी लागते.

घर कोणाचं होतं?

शोभा गुर्टू यांचा जन्म १९२५ चा, बेळगावचा. माहेरचं नाव भानुमती शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर या नर्तकी होत्या आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांकडे गाणं शिकल्या होत्या. शोभाताईंची तालीम कोल्हापुरात अल्लादिया खाँ यांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे सुरू झाली. पुढे ठुमरी-दादरा त्या घम्मन खाँ यांच्याकडून शिकल्या.

गुर्टू हे आडनाव मूळचं काश्मिरी पंडितांचं. लग्नानंतर ते शोभाताईंना मिळालं. त्यांचे सासरे नारायण नाथ गुर्टू बेळगावात पोलीस अधिकारी होते आणि स्वतः सतार वाजवायचे. म्हणजे गाणं माहेरीही होतं आणि सासरीही.

पुढे शोभाताई 'ठुमरीची राणी' म्हणून ओळखल्या गेल्या. 'पाकीजा' आणि 'मैं तुलसी तेरे आंगन की' या हिंदी चित्रपटांत आणि 'सामना' या मराठी चित्रपटात त्यांचा आवाज आहे. २००२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २७ सप्टेंबर २००४ ला त्यांचं निधन झालं.

त्रिलोक या घरात वाढले. लहानपणीच ते शाह अब्दुल करीम यांच्याकडे तबला शिकू लागले. अशा घरातल्या तबला शिकणाऱ्या मुलाच्या पुढची वाट साधारण ठरलेली असते. आधी साथ, मग मोठ्या गायकांची साथ आणि कधीतरी सोलो. त्रिलोक गुर्टूंनी ही वाट सोडली.

ओव्हरडबिंग माहीत नसण्याचा फायदा

मुंबईला जॅझ नवं नव्हतं. १९३० च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जॅझ बँड वाजत होते. चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे वादक रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचे आणि दिवसा फिल्म स्टुडिओत काम करायचे. हिंदी सिनेसंगीतातल्या ब्रासमागे आणि अनेक गाण्यांच्या वाद्यमेळामागे या गोवेकर मंडळींचा मोठा हात होता.

तरुण त्रिलोक यांच्या कानावर जॉन कोलट्रेन आणि जिमी हेंड्रिक्सच्या रेकॉर्ड पडल्या. तबल्याबरोबर ते ड्रमही वाजवू लागले. या काळाबद्दलची एक गोष्ट ते स्वतः सांगत आले आहेत. स्टुडिओत एकाच वादकाने वेगवेगळ्या वेळी वाजवलेले तुकडे एकावर एक चढवता येतात, त्याला ओव्हरडबिंग म्हणतात. हे तंत्र असतं, हेच त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. रेकॉर्डवर जे ऐकू येतं ते सगळं एकाच वेळी वाजवलं असणार, असं समजून ते त्यातले एकाहून जास्त भाग एकट्याने वाजवायचा प्रयत्न करायचे.

गैरसमज होता, पण हात तयार झाला. तबला, ड्रम, झांजा आणि घंटा एकाच बैठकीत वाजवण्याची त्यांची पद्धत पाहिली की या गोष्टीची आठवण होते.

अवाँ-गार्द जॅझ म्हणजे काय?

१९७० च्या दशकात त्रिलोक युरोपात पोहोचले आणि थेट अवाँ-गार्द जॅझच्या वादकांत मिसळले. 'अवाँ-गार्द' हा मूळचा फ्रेंच लष्करी शब्द. सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी, असा त्याचा अर्थ. कलेत तो रुळलेली वाट सोडून पुढे जाणाऱ्यांसाठी वापरतात.

नेहमीच्या जॅझची रचना साधारण अशी असते. आधी सगळे मिळून मुख्य चाल वाजवतात. मग एकेक वादक त्या चालीखालच्या कॉर्डच्या क्रमावर आपापलं काहीतरी रचत जातो. शेवटी सगळे पुन्हा चालीवर येतात. या सगळ्याचा पाया धरून ठेवणारं वाद्य म्हणजे डबल बेस. माणसाएवढ्या उंचीचं, व्हायोलिनच्या घराण्यातलं, साधारणपणे चार जाड तारांचं वाद्य. जॅझमध्ये ते बहुतेक वेळा बोटांनी छेडतात. ठोका कुठे आहे आणि कॉर्ड कोणता चालू आहे, या दोन्ही गोष्टी बाकीच्यांना त्यातून कळतात.

१९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांचा 'द शेप ऑफ जॅझ टू कम' हा अल्बम आला आणि हा पायाच हलला. त्यांच्या बँडमध्ये कॉर्डचा ठरलेला क्रम नव्हता. डबल बेसवर चार्ली हेडन होते. पुढची कॉर्ड आधी ठरलेली नसल्यामुळे कोलमन कुठे निघालेत हे ऐकून त्यांना त्याच क्षणी आपला सूर ठरवावा लागायचा. १९६० च्या डिसेंबरमध्ये कोलमन यांनी 'फ्री जॅझ' रेकॉर्ड केला. त्यात दोन चौकड्या एकाच वेळी वाजतात आणि डबल बेसही दोन आहेत. एक हेडन यांचा, दुसरा स्कॉट लाफारो यांचा.

या दोन्ही अल्बमवर ट्रम्पेटच्या जातीचं छोटं वाद्य वाजवणारे वादक होते डॉन चेरी. त्रिलोक गुर्टू १९७० च्या दशकात याच डॉन चेरींसोबत वाजवू लागले. त्याच काळात त्यांनी चार्ली मारियानो, नॉर्वेचे गिटारवादक तेर्ये रिपडाल आणि कोलट्रेन यांच्या 'असेन्शन'मध्ये वाजवलेले डॅनिश सॅक्सोफोनवादक जॉन चिकाई यांच्यासोबतही काम केलं. म्हणजे घराण्याच्या शिस्तीत वाढलेला मुंबईचा तबलजी अशा लोकांत जाऊन बसला, ज्यांनी जॅझची शिस्त मोडली होती.

मग मनाला येईल ते वाजवायचं का?

इम्प्रोव्हायझेशनबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. आयत्या वेळी रचायचं म्हणजे काहीही चालतं, असं अनेकांना वाटतं.

वर्ध्याकडच्या एखाद्या गावात रात्री खंजेरी भजन ऐकलं असेल, तर त्यातला खंजेरीवाला आठवून पाहा. भजनाची ओळ तीच असते, पण ती दुसऱ्यांदा येते तेव्हा खंजेरीचा हात बदलतो. गाणारा एखाद्या शब्दावर थांबला, तर खंजेरीही हलकी होते. सगळ्यांनी मिळून ध्रुपद उचललं, की तीही जोरात येते. यातलं काही कागदावर लिहिलेलं नसतं, पण त्यात 'काहीही' असंही काही नसतं. गाणाऱ्याकडे त्याचा कान लागलेला असतो, म्हणूनच त्याचा हात बरोबर वळतो.

ठुमरीत हेच फार बारकाईने चालतं. गायिका एकच ओळ घेऊन तिच्यातले वेगवेगळे भाव दाखवते. त्याला बोल-बनाव म्हणतात. तक्रार, लाडीगोडी, रुसवा, विनवणी, सगळं त्याच चार शब्दांतून. तेवढा वेळ तबला संथ ठेका धरून असतो. मग शेवटाकडे गायिका मुखड्यावर येते आणि तबलजीला वाट मोकळी करून देते. तबला दुपटीत जातो आणि लग्गी सुरू होते. आता गायिका ओळ धरून ठेवते आणि तबलजी बोलतो. थोड्या वेळाने तो पुन्हा मूळ ठेक्यावर, समेवर येतो.

म्हणजे साथ करणाऱ्याला दोन गोष्टी यायला हव्यात. बराच वेळ दुसऱ्याचं ऐकत राहणं आणि आपली वेळ आली की सगळं सांगून परत जागेवर येणं. फ्री जॅझच्या बँडमध्ये कॉर्डचा आधार काढून घेतल्यावर उरतं तेही हेच. ठुमरीच्या घरातल्या मुलाला ऐकण्याची ही सवय वेगळी लावून घ्यावी लागली नाही.

डबल बेस आणि डग्गा

नोव्हेंबर १९८४ मध्ये पूर्व जर्मनीतल्या एका रस्ते अपघातात कॉलिन वॉलकॉट यांचा मृत्यू झाला. वॉलकॉट हे अमेरिकन, पण रविशंकर यांच्याकडे सतार आणि अल्लारखाँ यांच्याकडे तबला शिकलेले. 'ऑरेगॉन' या चौघांच्या बँडचे ते तालवादक होते. या बँडच्या संगीतात जॅझ, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि भारतीय वाद्यं एकत्र यायची. काही तुकडे तर आधी काहीही न ठरवता, चौघांनी तिथल्या तिथे रचलेले असायचे.

अशा बँडमधला माणूस गेला, की दुसरा शोधणं अवघड असतं. नुसतं वाद्य वाजवता येऊन भागत नाही, बाकीच्या तिघांना अनेक वर्षांत लागलेली एकमेकांची सवय त्यालाही पकडता यावी लागते. ही जागा पुढे त्रिलोक गुर्टूंना मिळाली. 'इकोटोपिया' (१९८७), '४५ पॅरलल' (१९८९) आणि 'ऑल्वेज, नेव्हर अँड फॉरएव्हर' (१९९१) अशा तीन अल्बमवर ते ऑरेगॉनसोबत आहेत.

ऑरेगॉनमध्ये डबल बेसवर ग्लेन मूर होते. त्यांचं वाद्य अठराव्या शतकातलं आणि तारा लावण्याची पद्धतही त्यांची स्वतःची. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाश्चात्त्य ड्रमवर वाजवता वाजवता सूर वर-खाली सरकवणं सहसा होत नाही. डग्ग्यावर मात्र मनगटाचा दाब कमी-जास्त करून खालचा सूर सरकवता येतो. डबल बेसच्या तारेवर बोट घसरवल्यावर जो परिणाम होतो, त्याच्या जवळ जाणारा. त्यामुळे डग्गा आणि डबल बेस एकत्र असले, की खालच्या पट्टीत दोन आवाज एकमेकांशी बोलू शकतात. त्यातला नेमका कोणता आवाज कोणाचा, हे कधी कधी दुसऱ्यांदा ऐकल्यावरच कळतं.

तिघांचा बँड आणि तोंडाने बोललेला ताल

याच सुमारास जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी तिघांचा बँड बांधला. मॅक्लॉफ्लिन म्हणजे 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'चे आणि झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम यांच्यासोबतच्या 'शक्ती'चे गिटारवादक. नव्या बँडमध्ये ते स्वतः गिटारवर, त्रिलोक तालवाद्यांवर आणि बेस गिटारवर आळीपाळीने योनास हेलबोर्ग, काय एकहार्ट आणि डोमिनिक दि पियात्सा. २७ नोव्हेंबर १९८९ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एकहार्ट यांच्यासोबत झालेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नंतर अल्बम म्हणून आलं.

या बँडच्या कार्यक्रमांत मॅक्लॉफ्लिन आणि गुर्टू कधी कधी वाद्यं बाजूला ठेवून तोंडाने ताल बोलायचे. कर्नाटक संगीतात याला कोन्नकोल म्हणतात. आपल्याकडे तबल्याचे बोल म्हणून दाखवतात, त्याला पढंत म्हणतात, तसंच काहीसं.

हे करून पाहता येतं. 'तकिट' म्हणजे ३ मात्रा, 'तकधिमि' म्हणजे ४, 'तकतकिट' म्हणजे ५. आता हाताने सारख्या अंतराने १६ टाळ्या द्या आणि प्रत्येक टाळीला एक अक्षर बोला. आधी 'तकधिमि' चार वेळा. सगळं सरळ बसतं. मग 'तकतकिट' दोनदा आणि शेवटी 'तकिट' दोनदा. म्हणजे ५, ५ आणि ६. बेरीज तीच, १६. पण मधल्या वाटेत बोलांचा जोर वेगळ्याच जागी पडतो आणि टाळी चुकल्यासारखी वाटते. शेवटी मात्र सगळं पुन्हा पहिल्या मात्रेवर येतं.

ऐकणाऱ्याला वाटतं की वादक भरकटले. प्रत्यक्षात दोघेही मनात एकच हिशोब करत असतात. पाश्चात्त्य श्रोत्यांना या बँडमध्ये जे थक्क करायचं ते हेच. इतका मोकळेपणा आणि इतकी अचूक समेवरची भेट, एकाच वेळी.

आई मुलाच्या अल्बममध्ये गाते तेव्हा

म्युनिकच्या 'एम्ब्रियो' या बँडचा 'अपो-कॅलिप्सो' हा अल्बम १९७७ चा. त्रिलोक यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगपैकी एक. त्यावर शोभा गुर्टूही आहेत. म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, मैफिली गाजवणारी ठुमरी गायिका जर्मन प्रायोगिक रॉक बँडसोबत गायली होती.

१९८८ मध्ये त्रिलोक यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला, 'उस्फ्रेट'. त्यावर डॉन चेरी आहेत, ऑरेगॉनचे गिटारवादक राल्फ टाउनर आहेत, व्हायोलिनवर एल. शंकर आहेत, बेसवर योनास हेलबोर्ग आहेत. आणि गायला आहेत शोभा गुर्टू. वय ६३. एका रचनेचं नावच 'शोभारॉक' आहे.

इथे आईचं गाणं शोभेपुरतं मागे ठेवलेलं नाही. त्या ठुमरीच्या ढंगातच गातात, आपला आवाज किंवा लगाव बदलत नाहीत. भोवतीची वाद्यं वेगळी आहेत, पण आवाजाभोवती जागा कशी सोडायची हे ठरवणारा माणूस ठुमरी ऐकत मोठा झालेला आहे. फ्यूजनच्या नावाखाली अनेकदा पाश्चात्त्य ठेक्यावर रागाची एखादी तान चिकटवलेली असते. ऐकायला बरी वाटते, पण दोन्ही बाजू एकमेकांना ऐकत नसतात. 'उस्फ्रेट'मध्ये त्या ऐकतात.

१९९३ च्या 'क्रेझी सेंट्स'वरही शोभाताई आहेत. त्याच अल्बमवर जो झाविनुल आणि पॅट मेथनी आहेत.

साथीदार पुढे येतो तेव्हा

आपल्या मैफिलीत तबलजीचं नाव गायकाच्या नावाखाली, 'साथीला' या शब्दानंतर येतं. जॅझमध्येही पोस्टरवर नाव बहुतेक वेळा सॅक्सोफोन, ट्रम्पेट किंवा पियानो वाजवणाऱ्याचं असतं. डबल बेस आणि ड्रम वाजवणारे मागे असतात. या मागच्या रांगेतून काही जण स्वतःचे बँड घेऊन पुढे आले. डबल बेसवरचे चार्ल्स मिंगस हे त्यातलं मोठं नाव.

त्रिलोक गुर्टूंनी तेच केलं. १९९० च्या दशकापासून ते मुख्यतः स्वतःच्या बँडचे म्होरके आहेत. १९९५ मध्ये डॉन चेरी गेले. पुढच्याच वर्षी आलेला 'द ग्लिम्प्स' हा अल्बम गुर्टूंनी त्यांना वाहिला. १९९९ मध्ये झाकीर हुसेन आणि बिल लासवेल यांच्या 'तबला बीट सायन्स'मध्ये ते तल्विन सिंग आणि कर्श काळे यांच्यासोबत होते. २००६ चा 'आर्किऑलॉजी' त्यांनी इटलीच्या एका स्ट्रिंग क्वार्टेटसोबत केला.

मग इथे त्यांचं नाव कमी का ऐकू येतं?

एक कारण साधं आहे. हे संगीत कोणत्या खान्यात ठेवायचं, हे ठरत नाही. शास्त्रीय संगीताच्या महोत्सवात ड्रम आणि बादली बसत नाही. सिनेसंगीताच्या श्रोत्यांना यात गाणं सापडत नाही. त्यांचे सुरुवातीचे अल्बम जर्मन कंपनीने काढले. इंटरनेटच्या आधीच्या काळात अशी सीडी इथल्या गावातल्या दुकानात मिळणं कठीणच होतं.

दुसरं कारण आपल्या सवयीत आहे. परदेशी वादकासोबत वाजवणं म्हणजे आपलं संगीत 'तिकडे नेणं', असं आपण मानतो. त्यामुळे तिकडून काय परत आलं, हे विचारायचं राहून जातं. त्रिलोक गुर्टूंच्या कारकिर्दीतून जे परत येतं ते मोलाचं आहे. साथ करणं हे दुय्यम काम नाही, तेच इम्प्रोव्हायझेशनचं मूळ आहे. लग्गी वाजवणारा तबलजी, भजनातला खंजेरीवाला आणि कॉर्डशिवाय वाट काढणारा डबल बेसवादक हे तिघे एकाच कौशल्यावर उभे असतात. हे कौशल्य आपल्याकडे गावोगाव आहे, पण त्याला आपण क्वचितच नाव देतो आणि त्याहून क्वचित मानधन.

ऐकायला सुरुवात कुठून करायची?

शोभाताईंची ठुमरी आवडत असेल, तर आधी 'उस्फ्रेट'. ओळखीचा आवाज अनोळखी वाद्यांत ऐकायला मिळेल. तालाची आवड असेल, तर रॉयल फेस्टिव्हल हॉलमधलं मॅक्लॉफ्लिन यांच्यासोबतचं रेकॉर्डिंग. शांत काही हवं असेल, तर ऑरेगॉनचा 'इकोटोपिया'. तो हेडफोन लावून ऐका आणि खालच्या पट्टीकडे लक्ष ठेवा.

पहिल्यांदा ऐकताना सम सापडली नाही, तर काळजीचं कारण नाही. हाताने टाळी धरा आणि धरून ठेवा. वादक फिरून तिथेच येतात.